म्हैस उड

आमच्या राजनंदिनीला बसता येत नाही. पायांना काही झालेलं नाही. पाय उत्तम आहेत, नको तितके उत्तम आहेत. पण जमिनीला बूड टेकवून, समोरचा काय म्हणतोय ते शेवटपर्यंत ऐकून, आपली पाळी येईपर्यंत गप्प राहणं, हे तिच्या अंगातच नाही. सकाळी दात घासायला लागली की ब्रश मोरीत असतो आणि फेस देवघराजवळ. जेवताना पहिला घास ताटाशी, दुसरा खिडकीशी, तिसरा सोफ्याच्या मागे. मागच्या दिवाळीत फोटोवाल्याने आमच्या घरादाराचा फोटो काढला, त्यात तिच्या जागी नुसती एक पिवळी रेघ आली आहे. खोटं वाटत असेल तर घरी या, भिंतीवर लावलाय.

वय साडेचार. आईवडील दोघंही हिंजवडीला नोकरीला. दुपारी शाळा सुटली की दिवेलागणीपर्यंत ती माझ्या ताब्यात, किंवा मी तिच्या.

आता मी कोण ते सांगतो. मी बजरंग. कर्वेनगरात आज आमची सोसायटी उभी आहे, तिच्या पार्किंगच्या जागी आमचा गोठा होता. आम्ही मूळचे हिंगण्याचे, म्हणजे इथलेच, कर्वेनगर हे नाव नंतरचं. गवत गेलं, म्हशी गेल्या, बिल्डर आला आणि त्याने आम्हाला उचलून दुसऱ्या मजल्यावर ठेवलं. हातांचं काम संपलं, तोंडाचं कोणी काढून घेतलं नाही, म्हणून मी गोष्टी सांगतो. आमची आनंदीबाई त्यांना गोष्टी म्हणत नाही, थापा म्हणते. संसार केलाय तिने माझ्याबरोबर, तिला तेवढी सूट आहे.

तर फेब्रुवारीत शाळेतून बोलावणं आलं. शाळा जवळच, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. तिथल्या जिनत टीचर म्हणजे आवाज न चढवता माणसाला जागेवर बसवणारी बाई. त्यांनी माझ्या सुनेला, ऋतिकाला, सरळ सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी होते, दुसऱ्याच्या पाळीत घुसते, आणि ती उठली की तिच्यामागे सगळा गोल उठतो. जूनमध्ये हिला मोठ्या गटात घालावं की आणखी एक वर्ष इथेच ठेवावं, याचा त्यांना विचार पडला होता.

रात्रीच्या जेवणाआधी ऋतिकाने फोन काढून आम्हाला बाणेरचं एक केंद्र दाखवलं. तिथे मुलांची एकाग्रता वाढवून देतात. शाळेच्या दारातून गाडी नेते, संध्याकाळी घरी सोडते. फोटोत एकसारखे टी-शर्ट घातलेली मुलं एकसारख्या खोक्यांसमोर बसली होती, आणि बसली होती हे खरं, त्यात मला खोट काढता येईना. मग ऋतिका माझ्याकडे वळली.

"आबा, राग नाहीये तुमच्यावर. पण तुम्ही दोघं दुपारभर नुसते हिंडता."

हे मात्र खरं होतं. आम्ही कालव्याच्या रस्त्याने जायचो, जेसीबी खणत असेल तिथे थांबायचो, नर्सरीत शिरून झाडांना नावं ठेवायचो, परत यायचो, परत जायचो. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर एवढंच म्हणालो असतो की माझ्याकडे दुपारशिवाय दुसरं काही नाही, आणि हे सुनेला ऐकवण्यासारखं वाक्य नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच जिनत टीचरकडे गेलो. शाळा सुटलेली, वर्ग रिकामा. त्या खडू रंगांप्रमाणे लावत होत्या. मी दारातूनच सुरुवात केली तर मान वर न करता म्हणाल्या, "बसा आजोबा. आपली पाळी आली की विचारते." रांगेत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी बसलो. पंखा बघितला. उठून तक्ता वाचला, परत बसलो. खिडकीपाशी जाऊन आलो. एक खुर्ची वाकडी होती ती सरळ केली. तेवढ्यात त्यांचे खडू लावून झाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मुलगी कोणावर गेलीय ते लक्षात आलं," म्हणाल्या.

पण बाई मनाने सरळ. त्यांचं म्हणणं असं की काही विकत आणायची गरज नाही. घरात असेल त्याचे खेळ करा. चपलांच्या जोड्या लावा. कडधान्यं मिसळा आणि निवडायला द्या, बोटं वळतात आणि नजर टिकते. टाळी वाजली की पुतळा व्हायचं. आणि चिमणी उड, कावळा उड. बोट जमिनीवर, नाव पूर्ण ऐकायचं, उडणारं असेल तरच उचलायचं. येत्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्या मुलांना गोलात बसवून हाच खेळ घेणार होत्या. राजनंदिनी एक डाव बसून खेळली तर मोठ्या गटात. ऋतिकालाही त्यांनी तसं कळवलं, आणि तोपर्यंत केंद्राला हो म्हणायचं नाही असं आमच्या घरात ठरलं.

लागलो कामाला. चपलांपासून सुरुवात केली. आमच्या घरच्या चपला किती असणार, तिने मान वळवायच्या आत जोड्या लावून टाकल्या आणि पळाली. मग मी आमच्या विंगेतल्या सगळ्या दारांपुढचं पायताण पोत्यात घालून हॉलमध्ये ओतलं. काय सांगू, डोंगर झाला. माथ्यावरची एक सँडल पंख्याला लागून फिरत होती. आणि त्या डोंगरापाशी राजनंदिनी बसली. खरोखर बसली. डावा कुठला, उजवा कुठला, कोणाची टाच झिजलेली, कोणाच्या बुटाला तोच चिखल, बघून बघून जोड्या लावत राहिली. एवढा वेळ मी तिला झोपेतसुद्धा एका जागी पाहिलेली नव्हती.

गडबड नंतर झाली. जोड्या लागल्या, पण कोणती जोडी कोणत्या दाराची हे आमच्या दोघांपैकी कोणी पाहिलंच नव्हतं. मी अंदाजाने वाटून आलो. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर सेक्रेटरींचा निरोप आला: "ज्येष्ठ नागरिकांनी इतरांच्या पादत्राणांत रमू नये. त्यांची स्वतःचीही असतात." ऋतिकाने तो ऑफिसातच वाचला.

मग कडधान्यं. मंडईतून मी मुद्दाम वाल, चवळी, राजमा, मसूर असं सुटं आणलं, परातीत ओतलं, हात फिरवला. राजनंदिनी वाट्या मांडून निवडायला लागली. बोटं स्थिर चालली होती, पण खाली टाचा तबल्यासारख्या वाजत होत्या. परात अर्धी झाली आणि तिला रस्त्यावर बँडचा आवाज आला. ती गेली ती गेलीच. उरलेलं मी निवडायला घेतलं तर मलाही बँड बघायचा होता. संध्याकाळी आनंदीबाईने परात पाहिली आणि पुढचे चार दिवस आम्ही सगळे मिळून एकच उसळ खाल्ली.

पुतळ्याचा खेळ बरा चालला. त्यात मी तिला सांगितलं की लहानपणी मी असा पुतळा झालो होतो की कावळीने माझ्या डोक्यावर घरटं बांधलं, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत माझ्या आईने मला हलू दिलं नाही, भाकरी उभ्यानेच भरवली. हे ऐकून ती अशी ताठ उभी राहिली की श्वासच दिसेना. पापणीसुद्धा हलली नाही. थोड्या वेळाने ओठ न हलवता तिने विचारलं, कावळी अजून का आली नाही.

इथपर्यंत माझी गाडी रुळावर होती. मग आलं चिमणी उड.

आम्ही समोरासमोर बसायचो, दोघांची तर्जनी फरशीवर. सुरुवातीला मी "चि" म्हणायच्या आत तिचं बोट छताकडे. मी म्हणायचो, "चिखल." तिचं तोंड पडायचं. हळूहळू तिला कळलं की पहिल्या अक्षराला फसायचं नाही, शेपूट येईपर्यंत ऐकायचं. कावळा उड. पोपट उड. पोळपाट उड, बोट खाली. विमान उड. विळी उड, बोट खाली. मी मनातून उड्या मारत होतो. त्या आनंदात म्हणालो, "म्हैस उड."

तिचं बोट वर.

मी म्हणालो, म्हैस उडत नाही, डाव गेला. तिने बोट खाली आणलं नाही.

"आपली चंद्री उडली होती ना, आबा?"

आता चंद्रीचं तुम्हाला सांगायला हवं. चंद्री ही आमच्या गोठ्यातली शेवटची म्हैस. एका पावसाळ्यात मुठेला पाणी चढलं होतं, आणि पलीकडे विठ्ठलवाडीच्या काठावर कोणीतरी सरकीची ताजी पेंड उघडली. चंद्रीला वास लागला. तिने आधी एक कान हलवला, मग दुसरा, मग दोन्ही एकदम, आणि दाव्यासकट खुंटा उपटून, तो खाली लोंबत, नदीवरून पलीकडे गेली. संध्याकाळी उडतच परत आली. दुसऱ्या दिवशी तिचं दूध इतकं हलकं निघालं की कॅन वर जायला लागला, झाकणावर दगड ठेवून दारोदार घालावं लागलं. गिऱ्हाईक तक्रार करायचं की चहात घातलेलं दूध कपात थांबत नाही. ही गोष्ट मी राजनंदिनीला ती पाळण्यात होती तेव्हापासून सांगतोय. झोपताना तिला दुसरी चालत नाही. खुंटा विसरलो तर ती आठवण करते.

तर आता करायचं काय? मी घरात येरझाऱ्या घालायला लागलो. गॅलरीत जा, परत ये. आनंदीबाई भाजी चिरत होती, तिने काही वेळ माझं जाणं-येणं मोजलं असणार.

"सांगा की तिला, चंद्री उडली नाय. येवढं सोपं हाय."

सोपं होतं. पण मला ते जमेना. माझ्या नाकाचा प्रश्न नव्हता, माझ्या नाकाला कोण विचारतंय. त्या पोरीने गोठा पाहिलेला नाही. ती जिथे सायकल चालवते तिथे शेणाचा वास होता, रात्री साखळ्या वाजायच्या, हे तिला कुठून कळणार? तिच्या लेखी गोठा म्हणजे चंद्री, आणि चंद्री म्हणजे ते उडणं. ते काढून घेतलं तर खाली नुसतं पार्किंग उरतं. आणि नाही काढून घेतलं तर शुक्रवारी टीचर "म्हैस उड" म्हणणार, हिचं बोट वर जाणार, वर ही गोलात उभी राहून चंद्रीची बाजू मांडणार, आणि सोमवारपासून गाडी बाणेरला.

गुरुवारी संध्याकाळी ऋतिका म्हणाली की एकदा सगळ्यांनी खेळून बघू. माझा मुलगा इंद्रजीत लॅपटॉप मिटून खाली येऊन बसला. मुलीला म्हणाला, बघ हं, बाबा कसा नीट ऐकून खेळतो. ऋतिका नावं सांगत होती. घार उड. कपाट उड. फुलपाखरू उड. इंद्रजीतचं बोट अचूक चाललं होतं, मोठ्या कंपनीत माणसं सांभाळणारं बोट ते. आणि तिने म्हटलं, "म्हैस उड."

दोन बोटं वर गेली. एक लहान, एक चाळिशीचं.

इंद्रजीतने आपल्या बोटाकडे असं पाहिलं जसं ते दुसऱ्या कोणाचं होतं. त्यालाही मी हीच गोष्ट सांगून झोपवलेला. ऋतिकाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे आनुवंशिक आहे," ती म्हणाली, आणि डाव तिथेच मोडला.

शुक्रवारी सकाळी शाळेत नेताना मी रस्त्यात एक तोड काढली. राजनंदिनीला म्हटलं, हे बघ, उडली ती चंद्री एकटी. बाकीच्या म्हशी जमिनीवरच असतात. टीचर म्हैस म्हणाल्या तर ती टीचरची म्हैस. तिने उड्या मारता मारता विचारलं की टीचरची म्हैस कोणती. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी पाहिलेली नाही. ती गप्प झाली. ती गप्प झाली की मला धडकी भरते.

ऋतिकाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आम्ही दोघं वर्गाच्या खिडकीबाहेर उभे राहिलो. आत मुलं गोलात, तर्जन्या सतरंजीवर. राजनंदिनीचे गुडघे वरखाली होत होते, पण बूड खाली होतं. जिनत टीचर संथ आवाजात नावं घेत होत्या. चिमणी. बगळा. खुर्ची म्हटल्यावर एका मुलाचं बोट गेलं, तो हसून बाद झाला. मी या पायावरून त्या पायावर. ऋतिकाने माझी बाही धरून ठेवली होती, ती आधारासाठी की मला थांबवायला, ते मी विचारलं नाही. घुबड. बादली. पतंग, यावर जरा वाद झाला.

"म्हैस उड."

दोनतीन बोटं वर गेली आणि खिदळत खाली आली. राजनंदिनीचं बोट सतरंजीवर इतकं दाबलेलं होतं की नख पांढरं झालं. गुडघे थांबले. तिने टीचरकडे पाहिलं आणि विचारलं,

"कोणाची?"

ऋतिकाने डोळे मिटले. मला वाटलं संपलं. एवढं साधं सोपं नाव, आणि पोरगी चौकशी करत बसली, आणि ती चौकशी तिच्या डोक्यात मीच घातलेली. माझ्या डोळ्यांपुढे बाणेरची गाडी उभी राहिली, दार उघडं.

जिनत टीचरांनी भुवईसुद्धा हलवली नाही.

"माझी," म्हणाल्या. "येरवड्याला असते, माझ्या माहेरी. नूरी."

राजनंदिनीने विचार केला. तुम्ही कधी तिला विचार करताना पाहिलेलं नाही, मीही तोवर पाहिलं नव्हतं. वर्ग वाट बघत राहिला. मग तिने बोट होतं तिथेच ठेवलं आणि मान हलवली, पुढचं येऊ द्या अशी.

पुढचं यायला जरा वेळ लागला. टीचर विमान म्हणाल्या तर एका पोराने विचारलं, कोणाचं. मधमाशी म्हटल्यावर तिघांनी विचारलं, कोणाची, आणि एकीने सांगितलं की तिच्या मामाची. मग सगळेच आपापले पक्षी, मामे, स्कूटरी घेऊन उठले आणि गोलाचा बाजार झाला. त्या गोंधळात सतरंजीवर एकच मुलगी बोट टेकवून बसलेली होती, वैतागलेली, की डाव का थांबलाय.

थोड्या वेळाने टीचर बाहेर आल्या. चष्मा पुसला. माझ्याकडे बघून विचारलं की म्हैस उडते हे तिला कोणी सांगितलं. मी म्हटलं, मी. आणि अर्धवट राहू नये म्हणून मुठा, पेंड आणि खुंटाही सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्या ऋतिकाशी बोलल्या.

"तिला म्हैस उडते असं वाटत होतं, तरी बोट उचललं नाही. आधी विचारलं. विचारायला थांबावं लागतं, आणि मला तेवढंच बघायचं होतं. जूनमध्ये मोठ्या गटात घेते." मग खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, "आजोबांना मात्र आणखी एक वर्ष याच वर्गात ठेवावं लागेल. खिडकीत एका जागी दिसले नाहीत."

ऋतिका हसली. फाटकाबाहेर येऊन तिने केंद्राला फोन केला, नको म्हणून सांगितलं, आणि फोन पिशवीत टाकत मला एवढंच बजावलं की लोकांच्या चपलांना हात लावायचा नाही. मी कबूल केलं. लोकांच्या पोळपाट-लाटण्यांच्या जोड्यांबद्दल ती काही बोलली नव्हती.

त्या दिवशी दुपारी राजनंदिनी मला पार्किंगमध्ये घेऊन गेली. लपाछपी. राज्य तुमच्यावर, आबा. मी खांबाला तोंड लावून, डोळे झाकून मोजायला लागलो.

ही एरवी लपली की मला मोजणं पुरं करावंच लागायचं नाही. चपला वाजायच्या, कुठल्या तरी गाडीमागून हसू फुटायचं, नाहीतर तीच येऊन विचारायची की मी कुठे लपलेय ते सांगू का. आज काही नाही. वॉचमनचा रेडिओ वाजत होता. वरून कोणीतरी चादर झटकली. एक स्कूटर आली, स्टँडला लागली. तिच्या पायांचा आवाज नाही.

मोजणं मीच घाईघाईने उरकलं, मधले आकडे खाल्ले, आणि वळलो. गाड्यांच्या मागे नाही. पाण्याच्या टाकीपाशी नाही. जिन्याखाली नाही. फाटक बंद आहे की नाही ते बघून आलो, वॉचमनला विचारलं, तो म्हणाला बाहेर कोणी गेलं नाही. परत गाड्या, परत टाकी. इथल्या इथे कुठेतरी ती एका जागी बसलेली होती, श्वास धरून, माझी वाट बघत, आणि मला तिच्याइतका धीर निघत नव्हता.

शेवटी मी हाक मारली. उत्तर आलं नाही. उत्तर द्यायचं नसतं, हा नियम मीच तिला शिकवलाय.